अळंबी : अमेध्य की सजीव?

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याबरोबर कवके, म्हणजे अळंबी, द्विजांना अभक्ष्य ठरवली आहेत, आणि अमेध्यातून, म्हणजे यज्ञाला अयोग्य अशा अपवित्र जागेतून, उगवणारे सारेच त्या श्लोकात वर्ज्य सांगितले आहे. सहाव्या अध्यायात वानप्रस्थासाठी हा निषेध पुन्हा येतो, तेव्हा कवकांच्या जोडीला ‘भौम’, म्हणजे जमिनीतले, हा शब्द येतो. आणि मग रानातल्या तापसाला झाडाच्या खोडावर उगवलेली अळंबी चालते काय, या प्रश्नावर टीकाकारांत मतभेद होतो. निषेध जमिनीपुरताच आहे, हा अर्थ कुल्लूकभट्टाने मान्य केला नाही आणि भूमिज व वृक्षज अशा दोन्ही छत्राकांना, म्हणजे अळंब्यांना, निंद्य ठरवणारे यमाचे वचन त्याने पुढे केले.

या साऱ्या वादात वस्तूची योग्यता तिच्या जन्मस्थानावरून ठरते, हे गृहीतच धरलेले आहे. जन्मस्थान सुश्रुतसंहितेलाही महत्त्वाचे वाटते, परंतु तेथे त्याचा उपयोग ज्ञानासाठी होतो: सूत्रस्थानात पेंढा, ऊस, शेण, वेळू आणि जमीन यांवर उगवणाऱ्या अळंब्यांचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत, आणि जमिनीतल्या अळंबीची चव त्या त्या मातीप्रमाणे बदलते, असेही नोंदवले आहे. रानात हिंडून अळंबी गोळा करणाऱ्याची नजर अशीच असते.

संथाळ आदिवासींनी अळंबीच्या योग्यतेच्या प्रश्नाला दिलेले वळण अधिक खोल आहे. संथाळी भाषेत नामांचे प्राणिवाचक आणि अप्राणिवाचक असे दोन वर्ग असून वनस्पती सामान्यतः दुसऱ्या वर्गात मोडतात. मात्र ‘पुटका’ ही अळंबी प्राणिवाचक मानली जाते, असे अळंबीचे अभ्यासक गॉर्डन वॉसन यांनी 1960 च्या दशकात संथाळ परगण्यात फिरून नोंदवले. झारखंडात रुगडा म्हणून विकली जाणारी ही अळंबी पावसाळ्याच्या आरंभी सालवृक्षाखाली मातीत सापडते. लहान बटाट्यासारखी गोल अशी ही गाठ आत पांढरी असेपर्यंतच खातात, कारण जून झाली की तिचा गर काळपट होऊन त्याची भुकटी होते. तिचे कवकजाल, म्हणजे मातीत पसरलेले सूक्ष्म तंतू, सालाच्या मुळांना वेढून राहते, झाडाला पाणी आणि क्षार पुरवते व त्याच्याकडून शर्करा घेते. ज्या सहवासावर झाड पोसले जाते त्याला अमेध्य म्हणणे हा त्या झाडावरही अन्याय आहे.

जैन आचारातही अळंबी वर्ज्य आहे, पण त्याचे कारण निराळे आहे: ती अनंतकाय, म्हणजे एकाच शरीरात अनंत जीव असलेली, मानली जाते. जैन तिच्यातला जीव ओळखून ती सोडतो, संथाळ तो ओळखून ती खातो; दोघांचा निर्णय परस्परविरुद्ध असला तरी समोर जीव आहे, हे दोघेही मान्य करतात आणि म्हणूनच दोघांचीही भूमिका नैतिक ठरते. स्मृतीचा निषेध या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही. तो किळसेपाशी थांबतो.

जीवशास्त्रानेही कवकांना वनस्पतींतून वेगळे काढले. रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1969 साली मांडलेल्या पाच सृष्टींच्या वर्गीकरणात त्यांना स्वतंत्र सृष्टी मिळाली, आणि पुढच्या आनुवंशिक अभ्यासातून कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची असल्याचे दिसून आले.