नवा उंदीर, विलगीकरण आणि विटाळ

घरात आधीचे उंदीर पाळलेले असतील तर नव्याने आणलेला उंदीर त्यांच्यात लगेच सोडायचा नसतो. तो किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, आणि सोय असेल तर दुसऱ्याच घरात ठेवतात. त्याच खोलीत पिंजरा चार हात लांब सरकवून भागत नाही. उंदरांच्या लाळग्रंथी सुजवणारा कोरोनाविषाणू आणि श्वसनमार्गाला धरणारा सेंडाई विषाणू हवेतूनही पसरतात. मुदतीलाही कारण आहे. लाळग्रंथींचा हा रोग एका उंदरापासून दुसऱ्याला साधारण आठवडाभर लागू शकतो आणि मग ओसरतो. त्यामुळे दोन आठवड्यांत तो एक तर उघड होतो किंवा निघून जातो. या काळात गळ्याखालची सूज, शिंका, श्वासातली घरघर, डोळ्यांच्या आणि नाकाच्या कडेला जमणारा लालसर स्राव यांवर लक्ष ठेवायचे असते. तो लाल रंग रक्ताचा नसून पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा असतो; नवख्या माणसाला मात्र उंदराच्या डोळ्यांतून रक्त येते आहे असेच वाटते.

पथ्य म्हणून हे सोपे आहे. धर्मविचाराच्या अंगाने पाहिले की ते अवघड होते. ज्या जिवाने काही केलेले नाही, ज्याच्यात रोग दिसलेलाही नाही, त्याला एकटे कोंडण्याचा अधिकार पाळणाऱ्याला कुठून येतो? आणि ज्या समाजाने सुतक, सोवळे-ओवळे आणि शिवाशिव पिढ्यान्‌पिढ्या पाळली, त्या समाजात हे वेगळे ठेवणे म्हणजे जुना विटाळच नव्या नावाने घरात आला, असे का म्हणू नये?

नांदेड-लातूर भागात हा प्रश्न उंदरापेक्षा बैलाच्या निमित्ताने पडतो. लाल कंधारी ही नांदेडच्या कंधारची आणि देवणी ही लातूरची ओळख असलेली गोवंशाची वाणे. लोहा, देवणी, हाळी-हंडरगुळी इथले जनावरांचे बाजार नावाजलेले. बाजारातून घेतलेला बैल दारात आला की घरची बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला हळद-कुंकू लावते, ओवाळते. तो घरचा झाला. पशुवैद्यकाचा सल्ला याच्या उलट वाटतो: दोन-तीन आठवडे त्याला दावणीला बांधू नका, गव्हाण वेगळी ठेवा, हौदावर नेऊ नका, पाणी बादलीने द्या. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ राज्यभर पसरली आणि सप्टेंबरात जनावरांचे बाजार बंद करावे लागले, तेव्हा हा सल्ला किती मोलाचा होता ते गोठ्यागोठ्यांत कळले. लम्पीचा सुप्तकाळ जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमांत २८ दिवसांचा धरलेला आहे, म्हणजे त्या रोगासाठी दोन-तीन आठवडेही अपुरेच. ओवाळणे आणि वेगळे बांधणे यांत विरोध मानण्याचे मात्र कारण नाही. ओवाळलेला बैल त्याच दिवशी लिंबाखाली वेगळा बांधता येतो आणि त्याने त्याचे घरचे असणे कमी होत नाही.

विटाळाशी तुलना करताना बहुतेक जण मुदतीवर बोट ठेवतात: विलगीकरण संपते, विटाळ संपत नाही. हे पुरेसे खरे नाही. जननाशौच आणि मरणाशौच यांनाही ठरलेली मुदत असते. दहा दिवसांनी सुतक फिटतेच. मुदत नाही ती जातीच्या विटाळाला, आणि तो सगळ्यांत क्रूर ठरला तो त्यामुळेही. खरा फरक तपासणीत आहे. सुतकात असलेल्या माणसाला पाचव्या दिवशी कितीही पारखले तरी तो पाचव्या दिवशी मोकळा होत नाही, आणि अकराव्या दिवशी तो तापाने फणफणलेला असला तरी त्याचे सुतक संपलेले असते. विलगीकरणात रोज पाहिले जाते आणि दिसेल त्याप्रमाणे निर्णय बदलतो. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या ग्रंथात त्वचेवर डाग आलेल्या माणसाला सात दिवस वेगळे ठेवून याजकाने पुन्हा पाहावे, असा विधी आहे. शुद्धाशुद्धीच्या चौकटीतलाच हा विधी, तरी त्यात तपासणीला जागा आहे.

याच कसोटीवर लिंगायत विचार पाहण्यासारखा आहे. लातूर-नांदेड पट्ट्यात लिंगायत वस्ती मोठी, आणि बाराव्या शतकात बसवेश्वरांचे कार्य जिथे झाले ते कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूरच्या सीमेला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यात आहे. जन्म, मृत्यू, रजस्वला, उष्टे आणि जात ही पाचही सुतके लिंगायत परंपरेने नाकारली. मग सुतक न मानणाऱ्याने नवा बैल वेगळा बांधावा काय? बांधावा, त्यात विसंगती नाही. पाच सुतकांच्या नकाराचा रोख जन्म, मृत्यू, ऋतू या निसर्गक्रमाला अथवा कुळाला कलंक मानण्यावर आहे. नव्या जनावराच्या विलगीकरणात कुळ विचारलेच जात नाही. उत्तम वाणाचा, महागाचा बैलही वेगळा बांधायचा आणि मरतुकडाही. तजेलदार पांढरा उंदीर आणि दुकानातल्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला उंदीर, दोघांनाही तेच दोन आठवडे. सगळ्यांना सारखा लागू होणारा संशय हा आरोप नसतो. उलट, ‘हा ओळखीच्या घरून आणलाय, याला काय होतंय’ म्हणून एखाद्याला सूट दिली की तिथे कुळाचा विचार मागच्या दाराने आत येतो, आणि बहुतेक वेळा रोगही.

कोंडण्याचे काय, हा प्रश्न जैन आचारविचाराने सर्वांत नेमका विचारला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अहिंसाव्रताला लागणारे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अति भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. बांधणे यादीत पहिलेच आहे. म्हणजे पिंजऱ्याचे दार लावणे ही नैतिकदृष्ट्या साधी गोष्ट नाही, हे ही परंपरा मान्य करूनच पुढे जाते. तरीही गुरे बाळगणाऱ्या गृहस्थाला बांधणे अटळ आहे, हे पुढच्या आचारग्रंथांनी ओळखले आणि सकारण बांधणे व निष्कारण बांधणे यांत भेद केला. बांधायचेच तर सैल बांधावे, आग लागली तर जनावराला सुटता यावे, असेही सांगितले. विलगीकरणाची याहून चांगली नीती सापडणे कठीण. कारण हवे, गाठ सैल हवी, आणि यादीतला शेवटचा अतिचार घडता कामा नये: वेगळ्या ठेवलेल्या जिवाच्या अन्नपाण्याची हेळसांड. प्रत्यक्षात हीच चूक होते. मुख्य गोठ्याला चारा पडतो, लिंबाखालच्याला उशिरा आठवतो.

कोंडण्याच्या विरुद्ध बाजूला काय आहे, हेही पाहिले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. पाळलेल्या कोंबड्यांमध्ये हा रोग सापडला तर लागण झालेल्या ठिकाणाच्या आसपासच्या निरोगी कोंबड्याही मारून पुरण्याची पद्धत आहे. दारातच थोडे दिवस थांबवण्याची हिंसा आणि नंतरची ही हिंसा यांची तुलना केली की पहिलीचे पारडे फार हलके ठरते. लीळाचरित्रात शिकाऱ्यांपासून पळालेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो आणि ते त्याला वाचवतात. आश्रय द्यायचा हे ठरल्यावर उरतो तो प्रश्न आधी आश्रयाला असलेल्यांचा. त्यांच्या जिवाची हमीही आश्रयदात्यानेच घेतलेली असते.

स्पर्शच तेवढा दोषी धरणे ही विटाळाच्या विचारातली आणखी एक चूक. लम्पी प्रामुख्याने चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांमुळे पसरतो. बैल लांब बांधला पण गोठ्यात फवारणी केली नाही तर वेगळे ठेवणे नावापुरतेच. प्लेगच्या बाबतीतही उंदराला जे भोगावे लागले त्यातला मोठा वाटा पिसवेचा होता, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. माणसाआधी उंदीर मरत. ‘उंदीर पडला’ की गावकरी घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत. म्हणजे विलग होत ती माणसे. मराठवाड्यात ही आठवण १९९४ मध्ये पुन्हा जागी झाली. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. वर्षभराच्या आत बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची लागण झाली, आणि पडलेल्या घरांत राहिलेल्या धान्यावर वाढलेले उंदीर हे कारण तेव्हा मांडले गेले. त्याआधी पुण्यात १८९७ साली प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्या कारभारात सोजिरांनी घरे धुंडाळून माणसे उचलली. विलगीकरण वैद्यकीयदृष्ट्या समर्थनीय होते, पण ते ज्या रीतीने लादले त्याने लोक रोगाहून त्यालाच जास्त भ्यायले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना दवाखान्यात नेऊन त्यांची सेवा करत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. वेगळे दोन्हीकडे ठेवले जात होते.

उंदरापुरते बोलायचे तर विलगीकरणाचा भार बराचसा पाळणाऱ्यानेच उचलायचा असतो. आधी जुन्यांचे खाणेपिणे, मग नव्याचे. त्यानंतर हात धुवायचे, कपडे बदलायचे, आणि पुन्हा जुन्यांकडे लगेच फिरकायचे नाही. बंधन पिंजऱ्याच्या बाहेरही असते, आणि ते टाळणाऱ्याने पिंजऱ्यातल्याला कोंडणे अन्यायाचे ठरते. या उपायाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू पाळीव उंदरांपैकी बहुतेकांच्या श्वसनमार्गात जन्मभर असतो. त्याच्या नावाखाली कोणाला महिनोन्‌महिने वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरणाचे पुन्हा सुतक करणे होय.

उंदीर कळपाने राहणारा प्राणी आहे. एकटेपणाचा ताण त्याच्या प्रकृतीवर दिसतो, म्हणून नवे उंदीर एकाच ठिकाणाहून जोडीने आणणे श्रेयस्कर. दोघांची मुदत एकत्र चालते आणि सोबतही राहते. मुदत चालू असताना त्या खोलीत तिसरा उंदीर आणला तर पहिल्या दोघांचेही दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. त्यांचा यात काही दोष नसतो. म्हणून तिसऱ्याला त्यांच्या मुदतीनंतरच आणायचे.