दूरस्थ उपासना आणि मंडळीची हजेरी

२०२० सालच्या मार्च महिन्यात, सरकारी टाळेबंदी जाहीर होण्याच्या काही दिवस आधीच, चर्च ऑफ स्कॉटलंडने आपल्या सर्व मंडळ्यांना उपासनेसाठी एकत्र जमणे थांबविण्यास कळविले, आणि ज्या देशात शब्बाथाचे पालन ही दीर्घकाळ धर्माची तशीच दिवाणी शिस्तीचीही बाब होती, त्या देशातील प्रेस्बिटेरियन पाळक आपल्या घरच्या अभ्यासिकेत बसून मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे पाहत प्रवचन करू लागले. ज्यांच्याकडे संगणक होता त्यांनी ते झूमवर अथवा यूट्यूबवर ऐकले. ज्या वृद्धांकडे तो नव्हता त्यांच्यासाठी काही मंडळ्यांनी साध्या टेलिफोनवरून प्रवचन ऐकण्याची तजवीज केली. रोगाचा भर ओसरला, दारे उघडली, तरी ही व्यवस्था अनेक ठिकाणी कायम राहिली, आणि म्हणून संकटाच्या घाईत ज्याचा नीट विचार करण्यास कोणास फुरसत नव्हती तो प्रश्न आता स्वस्थपणे विचारता येतो : मंडळीतील माणसे आपापल्या घरी बसून एकाच वेळी एकच उपासना पाहत असतील, तर मंडळीने उपासना केली असे म्हणता येईल काय?

या प्रश्नाला होकार देणे प्रेस्बिटेरियनांना इतर कोणाहीपेक्षा सोपे जावे. वेस्टमिन्स्टर येथे १६४६ मध्ये पूर्ण झालेला आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या महासभेने मान्य केलेला जो विश्वासांगीकार या पंथाची जणू सनद म्हणून चालत आला आहे, त्याच्या एकविसाव्या प्रकरणात प्रार्थना किंवा उपासनेचे कोणतेही अंग आता स्थळाशी बांधलेले नाही, आणि कोणत्याही स्थळाच्या योगाने ते देवाला अधिक ग्राह्य होत नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. याच पंथाच्या पूर्वजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, राजाने लादलेले बिशप नाकारून, माळरानांवर आणि डोंगरांच्या घळींत चोरून उपासना केल्या. १६७० च्या कायद्याने अशा मेळाव्यात प्रवचन करणारास देहान्त शासन ठेवले तरी त्या बंद पडल्या नाहीत. मराठी वाचकाचे मन येथे साहजिकच २०२० च्या आषाढीकडे जाईल, जेव्हा वारी पायी निघू शकली नाही आणि संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरपुरास न्याव्या लागल्या. परंतु दोन्ही प्रसंगांत मूलभूत भेद आहे. वारकऱ्याचा देव विटेवर उभा आहे आणि ती वीट भीमेच्या तीरी आहे, म्हणून माणसे नाहीत तर निदान पादुका तरी तेथे पोचणे अवश्य होते. प्रेस्बिटेरियनाला असे पंढरपूर नाही. त्याचे काय हरपले याचा शोध घेऊ लागताच स्थळ हे उत्तर आरंभीच बाद होते. माळरानावरच्या त्या पूर्वजांनी छप्पर गमावले होते आणि मंडळी राखली होती. २०२० मध्ये छपरे शाबूत होती.

विश्वासांगीकारही स्थळाचे बंधन तोडून तेथेच थांबत नाही. घरोघरची नित्य उपासना आणि एकान्तातील प्रार्थना यांना मान देऊन, त्यांहून अधिक गांभीर्याने ती जाहीर सभांत व्हावी आणि त्या सभांची बुद्ध्या हयगय होऊ नये, अशी ताकीद त्याच परिच्छेदात आहे. आणि प्रभुभोजनाविषयीचे एकोणतिसावे प्रकरण तर असे बजावते की त्या वेळी मंडळीत उपस्थित नसलेल्या कोणासही भाकर व प्याला देऊ नये. हा कठोरपणा कोठून आला हे समजण्यास १६१८ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी सहाव्या जेम्स राजाने पर्थ येथे भरलेल्या महासभेकडून पाच कलमे मंजूर करवून घेतली. प्रभुभोजन गुडघे टेकून घ्यावे हे त्यांतले एक, आणि आजाऱ्यास ते त्याच्या घरी देता यावे हे दुसरे. आजच्या वाचकास हे दुसरे कलम निव्वळ दयेचे वाटेल. स्कॉटलंडमधील कडव्या सुधारणावाद्यांना मात्र त्यात रोमी पद्धतीच्या खाजगी मिस्सेचा, म्हणजे लोकांवाचून एकट्या पुरोहिताने उरकलेल्या विधीचा, वास आला, आणि १६३८ मध्ये ग्लासगोच्या महासभेने ती पाचही कलमे धुडकावून लावली. त्यांच्या पद्धतीत लोक लांब मेजांभोवती बसत, भाकर व प्याला शेजाऱ्याच्या हातून घेत आणि शेजाऱ्याच्या हाती देत. पुरोहिताकडून काढून घेतलेला अधिकार त्यांनी असा शेजाऱ्याकडे सोपविला होता.

चारशे वर्षांनंतर तोच तंटा नव्या वेशात उभा राहिला. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या प्रेस्बिटेरियन संस्थेच्या महासभा-कार्यालयाने मार्च २०२० मध्येच असा अभिप्राय दिला की, आणीबाणीच्या प्रसंगी स्थानिक वडीलमंडळाच्या संमतीने, प्रत्येकाने आपापल्या घरी भाकर आणि द्राक्षरस समोर ठेवून पडद्यावरून प्रभुभोजनात भाग घेण्यास हरकत नाही. अधिक सनातनी वळणाच्या अनेक प्रेस्बिटेरियनांनी ही मुभा न घेता महिनोन् महिने प्रभुभोजनाविना राहणे पसंत केले.

होकार देणारांच्या बाजूस जो सर्वांत बळकट आधार आहे तो, ज्याच्या शिकवणीतून हा पंथ निघाला, त्या खुद्द कॅल्व्हिनचा आहे. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली या धर्मसुधारकांची प्रभुभोजनाच्या विषयावर गाठ पडली. ख्रिस्ताचे शरीर भाकरीत खरोखर आहे असे एकाने आणि भाकर हे स्मरणचिन्ह आहे असे दुसऱ्याने धरले, आणि दोघे समेट न होता उठले. कॅल्व्हिनने पुढे निराळी वाट काढली. ख्रिस्ताचे शरीर स्वर्गात आहे व ते भाकरीत उतरत नाही, पण स्थळाने विभक्त असलेल्यांना पवित्र आत्मा जोडतो आणि विश्वासणाऱ्याचे अंतःकरण वर उचलून त्यास ख्रिस्ताचा खराखुरा सहभाग देतो, असे त्याचे प्रतिपादन होते. यावरून असे म्हणता येते की प्रेस्बिटेरियनांच्या मेजावरचा यजमान मुळापासूनच दूरस्थ आहे, आणि स्वर्ग व पृथ्वी यांमधील अंतर ज्या आत्म्याने ओलांडले त्यास एडिनबरो आणि अ‍ॅबर्डीन यांमधील अंतराची काय मातब्बरी?

युक्तिवाद डौलदार आहे, पण त्यात एक पायरी गाळलेली आहे. कॅल्व्हिनने सोडविला तो देव आणि मनुष्य यांच्यामधील अंतराचा प्रश्न. मनुष्य आणि मनुष्य यांच्यामधील अंतराचा प्रश्न त्याच्यापुढे उभाच नव्हता, कारण जिनीव्हातील त्याचे श्रोते एका छपराखाली खांद्याला खांदा लावून बसत होते. शिवाय दूरस्थ प्रभुभोजनाचा पुरस्कार करणारे एका गोष्टीत तडजोड करीत नाहीत, ती म्हणजे भाकर. भाकरीचे चित्र पडद्यावर दाखवून भागेल असे त्यांच्यापैकी कोणीही म्हणत नाही. ती खरी हवी, हाताने मोडता आली पाहिजे, दातांनी चावता आली पाहिजे, आणि म्हणून प्रत्येकाने ती स्वयंपाकघरातून आणावयाची असते. भाकरीच्या बाबतीत जर आत्मा चित्रावर निभावून नेत नाही, तर शेजाऱ्याच्या बाबतीत तो चित्रावर का निभावून नेईल, याचे समाधानकारक उत्तर मला कोठे आढळले नाही.

प्रभुभोजन हा झाला वर्षातून मोजक्या वेळीच येणारा प्रसंग; गायन तर दर रविवारचे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर, विशेषतः लुईस बेटावर, गेलिक भाषेतील स्तोत्रे वाद्यांवाचून गातात. पुढे बसलेला एक गायक ओळ सांगतो आणि सारी मंडळी ती आपापल्या लयीने, आपापल्या मुरक्या घेत उचलते. कोणी किंचित पुढे, कोणी किंचित मागे, आणि तरी त्या मागेपुढे होण्यातूनच एक प्रचंड, लाटेसारखा चढता-उतरता नाद उत्पन्न होतो. अंतराला आणि विलंबाला इतकी मोकळीक देणारे सामुदायिक गायन युरोपात क्वचितच सापडेल. ते देखील झूमवर टिकत नाही. कारण यंत्राला होणारा विलंब सर्वांसाठी सारखा नसतो, शिवाय एका वेळी एकच आवाज पुढे आणून बाकीचे दाबण्याची त्याची रीत आहे. परिणामी सर्वांचे ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात, आणि प्रत्येक जण एका गायकाचा आवाज ऐकत आपल्या दिवाणखान्यात एकटाच गातो. प्रवचन पडद्यावरून फारशी हानी न होता पोचते, प्रार्थना पुष्कळ अंशी पोचते, गायन मात्र होतच नाही. ज्या पंथात व्यासपीठ मध्यभागी आणून उपासनेचा मोठा भाग श्रवणाला देण्यात आला, त्या पंथाचे पडद्यावर चांगले चालले यात आश्चर्य नाही, आणि ही काही त्याच्या भूषणाची गोष्ट नाही.

आता हजेरीचा मुद्दा. प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडील मिळून पाहतात, आणि प्रत्येक वडिलाकडे काही ठराविक कुटुंबांची जबाबदारी असे. प्रभुभोजनापूर्वी या कुटुंबांची विचारपूस होई, ज्ञान व आचरण तपासले जाई, आणि पात्र ठरलेल्यास एक लहानसे, बहुधा शिशाचे, नाणे मिळे. मेजावर बसताना ते परत द्यावयाचे. अशी जुनी नाणी आज संग्रहालयांत दिसतात. या पद्धतीत जाच होता, गावगप्पांना उत्तेजन होते, क्वचित क्रौर्यही होते, आणि ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामागे एक समज होती ती टाकाऊ नव्हती : मेजावर कोण बसले आहे हे मंडळीला ठाऊक असले पाहिजे, आणि जो बसला नाही त्याच्या घरी कोणीतरी गेले पाहिजे. पडद्यावरच्या उपासनेत किती जणांनी पाहिले याचा आकडा मिळतो. कोणी पाहिले, कोण अर्ध्यातून उठून गेले, कोण तीन आठवडे आलेच नाही, हे बहुधा कळत नाही. श्रोता दिसेनासा होणे इतके सोपे यापूर्वी कधी नव्हते.

हा वाद पुढे न्यायालयातही गेला. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरील उपासनामंदिरे पुन्हा बंद करण्यात आली, तेव्हा निरनिराळ्या पंथांच्या २७ धर्मसेवकांनी सरकारविरुद्ध दाद मागितली. चर्च ऑफ स्कॉटलंड फिर्यादींत नव्हते. २४ मार्च २०२१ रोजी न्यायमूर्ती ब्रेड यांनी ही सरसकट बंदी बेकायदा ठरविली, आणि निकालात असे मत नोंदविले की उपासना पडद्यावरून करावी हे या अर्जदारांना सांगणे सरकारचे अथवा न्यायालयाचे काम नव्हे. तसे करणे उपासनेऐवजी करावयाची काही गोष्ट असू शकेल, पण ती उपासना नव्हे. फिर्याद करणे त्या वेळी शहाणपणाचे होते की नाही, याविषयी मला शंका आहे. रुग्णालये भरलेली असताना शेजाऱ्याच्या प्राणांसाठी घरी बसणे हेही मंडळीचेच काम होते. तथापि तत्त्व म्हणून न्यायमूर्तींचे वाक्य मला पटते.

पटते, पण एका वर्गापुरते पटत नाही. अंथरुणास खिळलेले, एका खोलीत राहणारे, आजाऱ्याच्या उशाशी बसून राहावे लागणारे लोक २०२० च्या पुष्कळ आधीपासून रविवारी घरीच होते, आणि त्यांच्यापर्यंत उपासना पोचविण्याचे साधन असूनही अनेक मंडळ्यांना ते सुचले ते धडधाकट माणसांवर पाळी आली तेव्हा. त्यांच्याबाबत पर्थच्या त्या दुसऱ्या कलमाची बाजूच मला न्याय्य वाटते, मग ते राजाने का लादलेले असेना.

आपल्याकडेही हा विषय परका नाही. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये कोकणात आले, जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले, आणि १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी कोल्हापुरात मिशन सुरू केले, जे पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे गेले. या परंपरेतील मराठी मंडळ्यांतही वडील आहेत, प्रभुभोजन आहे, आणि रविवारची उपासना मोबाइलवर पाहणारी घरे आहेत. त्या मंडळ्यांच्या वडिलांना एवढीच विनंती आहे की प्रवचन खुशाल पडद्यावरून जाऊ द्यावे, पण ते घरी बसून कोण ऐकते त्यांची नावे एका वहीत टिपून ठेवावीत, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी मंदिरातली भाकर घेऊन, पाळकाबरोबर मंडळीतील दोघा-तिघांनी त्या घरी त्याच दिवशी जावे.