ज्याला धोका, त्यालाच पत्ता नाही

शेजाऱ्याच्या घरावर कोणी पाळत ठेवून आहे हे आपल्याला कळले, तर त्याला सांगायचे की गप्प राहायचे? यात विचारायचे काय, असे कोणीही म्हणेल. परंतु बंधुभगिनींनो, अशी माहिती सरकारच्या हाती येते तेव्हा हाच सोपा प्रश्न अवघड होऊन बसतो.

कॅनडाचे खासदार मायकल चाँग यांचे उदाहरण घ्या. त्यांचे वडील मूळचे हाँगकाँगचे. काही नातलग अजून तिथेच आहेत. चीनमधील उईगर मुस्लिमांवरील अत्याचार हा वंशसंहार आहे, असा त्यांचा ठराव कॅनडाच्या संसदेने फेब्रुवारी २०२१ मध्ये मंजूर केला. त्यानंतर चीनचे हस्तक त्यांच्या नातलगांची माहिती काढू लागले. कॅनडाच्या गुप्तचर खात्याला हे त्याच वर्षी ठाऊक होते. चाँग यांना मात्र सावधगिरीच्या चार सर्वसाधारण सूचनाच मिळाल्या. खरी गोष्ट त्यांना कळली ती मे २०२३ मध्ये, वर्तमानपत्रातून! खात्याचे टिपण आपल्यापर्यंत आलेच नाही, असे मंत्र्यांनी सांगितले. (कागद हरवला की जबाबदारीही हरवते, हे सगळीकडे सारखेच.)

गप्प राहण्यामागे कारणे असतात. बोलल्यास खबऱ्याचा जीव धोक्यात येतो. हे कारण खरे आहे. पण त्यामुळे फार तर ‘आम्हाला कसे कळले’ हे लपवावे लागेल, ‘तुमच्या माणसांना धोका आहे’ हे नव्हे. दुसरे कारण निवडणुकीचे. सरकारनेच परकीय हस्तक्षेपाची हाकाटी केली, तर मतदारांना वाटेल की सरकार आपलाच डाव साधते आहे. म्हणून कॅनडाने २०१९ साली हा निर्णय पाच ज्येष्ठ अधिकाऱ्यांवर सोपविला. २०१९ व २०२१ या दोन्ही निवडणुकांत त्यांनी जनतेला इशारा दिला नाही. हस्तक्षेप झाला होता, पण त्याने सरकार बदलले नसते, असे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. सबंध देशासमोर बोलताना असा संकोच समजू शकतो. पण एका माणसाच्या कानात सांगायला कसला संकोच? चाँग प्रकरणानंतर, खासदारांना असलेला धोका शक्य तेथे त्यांना कळवावा, असा आदेश निघाला. त्यासाठी बोभाटा व्हावा लागला.

आणि नुसते सांगूनही भागत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत फोन करून संगणकात हेरांचा शिरकाव झाल्याचे कळविले. फोन घेणाऱ्या तंत्रज्ञाला पलीकडचा माणूस खरोखरच एफबीआयचा आहे, याची खात्री वाटेना. असे कित्येक महिने गेले. दोन्ही कचेऱ्या वॉशिंग्टनमध्येच, पायी जाण्याच्या अंतरावर होत्या.