देवाच्या प्रतिमेवर पाय

छळाला भिऊन धर्म सोडणे हे पाप, याविषयी ख्रिस्ती परंपरेत फारसा वाद नाही. प्राण गेला तरी श्रद्धा न सोडणारा रक्तसाक्षी ठरतो. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया असेच एक. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत ज्या २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले, त्यांत ते होते. १८६२ मध्ये रोमने या सर्वांना संत घोषित केले. पण श्रद्धेपायी जाणारा प्राण आपला नसून दुसऱ्याचा असेल, तर? शुसाकू एन्दो यांची ‘चिन्मोकू’ (१९६६) ही जपानी कादंबरी या प्रश्नाभोवती रचलेली आहे. चिन्मोकू म्हणजे मौन. इथे ते देवाचे.

एन्दो (१९२३–१९९६) स्वतः कॅथलिक. आईच्या पाठोपाठ लहानपणीच त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा धर्म म्हणजे दुसऱ्याने अंगावर चढवलेला, मापाचा नसलेला पाश्चात्त्य सूट, असे ते म्हणत. तो त्यांनी उतरवला मात्र कधीच नाही.

कादंबरीचा काळ सतराव्या शतकाचा. तोकुगावा राजवटीने १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. पुढे संशयितांना येशूची किंवा मरियेची कोरीव प्रतिमा तुडवायला लावू लागले. या प्रतिमेला फुमिए म्हणत. हट्टी माणसाला उलटे टांगून त्याचे डोके खड्ड्यात सोडत आणि मरण लवकर येऊ नये म्हणून कानामागे बारीक चीर देत. जपानमध्ये वीसहून अधिक वर्षे काढलेले पोर्तुगीज जेझुइट क्रिस्तोव्हाओ फरेरा १६३३ मध्ये या खड्ड्यात काही तासांतच ढळले. कादंबरीतले फादर रोद्रिगेस हे त्यांचे शिष्य. गोवा, मकाव असा प्रवास करत ते गुरूच्या शोधात जपानला पोचतात. या पात्रामागे जुझेप्पे किआरा या इटालियन जेझुइटांचे खरे आयुष्य आहे.

रोद्रिगेस मरायला तयार आहेत. किंबहुना त्या मरणाची त्यांना थोडी ओढच आहे, आणि तीत लपलेला अहंकार एन्दो नेमका पकडतात. कोठडीत रात्री घोरण्याचा आवाज येतो आणि पहारेकऱ्याच्या निर्लज्जपणाचा त्यांना राग येतो. मग फरेरा येऊन सांगतात, की हे घोरणे नव्हे, खड्ड्यात टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणे आहे. त्या शेतकऱ्यांनी धर्म केव्हाच सोडला आहे, तरी फादर पाय ठेवत नाहीत तोवर त्यांची सुटका नाही. रक्तसाक्षीची सारी नीती इथे उलटी होते. पाय आवरला तर आपला आत्मा शुद्ध राहतो आणि त्याची किंमत दुसरे मोजतात. अखेर फुमिएवरचा येशूच ‘तुडव’ म्हणतो, निदान रोद्रिगेसना तसे ऐकू येते. ते पाय ठेवतात आणि दूर कोंबडा आरवतो. कोंबडा म्हणजे येशूला ओळखत नसल्याचे सांगणाऱ्या त्याच्या शिष्याच्या, पेत्राच्या, नकाराची खूण. करुणेने दिलेल्या परवानगीलगतच एन्दोंनी ती ठेवली आहे. म्हणून तो आवाज देवाचा की थकलेल्या मनाचा, हे कादंबरी ठरवू देत नाही.

ही अनिश्चितता कथनाच्या घडणीतच आहे. आरंभी रोद्रिगेस पत्रांतून स्वतः बोलतात. पकडले गेल्यावर कथन तृतीयपुरुषी होते. शेवटी उरतात एका डच कारकुनाची आणि नंतर एका सरकारी अधिकाऱ्याची रोजनिशी. धर्म गेला तसा ‘मी’ही काढून घेतला गेला.

सिनेमाची अडचण इथेच सुरू होते. मासाहिरो शिनोदा यांच्या १९७१ च्या चित्रपटाच्या पटकथेत एन्दोंचाही हात होता. अखेरीस रोद्रिगेस त्यांना दिलेल्या विधवेवर झडप घालतात, पतन पुरे झाले, असा निकाल लागतो. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या २०१६ च्या चित्रपटाचा निकाल नेमका उलटा. तैवानमध्ये चित्रित झालेला हा चित्रपट धुके, चिखल आणि समुद्र यांच्या आवाजांतून मौन कितीतरी अधिक समर्थपणे ऐकवतो. पण शेवटी कॅमेरा दहनासाठी नेलेल्या शवपेटीत शिरतो आणि मृत रोद्रिगेसच्या मुठीतला छोटा क्रूस दाखवतो. श्रद्धा टिकली होती, याचा पुरावाच प्रेक्षकाच्या हाती पडतो. दृश्य सुंदर आहे. तरीही ते कादंबरीचा प्रश्न सोपा करते, कारण पुराव्याने सिद्ध झालेल्या श्रद्धेला देवाच्या मौनाशी झगडावे लागत नाही.

एन्दोंचा अधिकारी फक्त तारखा, माणसांची ने-आण आणि बौद्ध पद्धतीने झालेला अंत्यविधी टिपतो. ही पाने परिशिष्टासारखी कोरडी दिसतात आणि वगळण्याचा मोह होतो. ती वगळू नयेत. चित्रपट आधी पाहिलेल्या वाचकाने तर मुळीच नाही.