सुरनीस उर्फ सचिव: आपली सोय कुठे संपते?

२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव 'राजगड' करायला मंजुरी दिली. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले याच तालुक्यात, त्यामुळे कारण वेगळं सांगायला नको. पण नाव बदललं म्हणून जुनं नाव लगेच पुसलं जात नाही. कागदोपत्री राजगड आणि बोलताना वेल्हे, अशी दोन्ही नावं काही काळ शेजारी शेजारी राहतात. मराठीत याला एक सुटसुटीत शब्द आहे: उर्फ.

कम्प्युटरच्या शेलमध्ये याच गोष्टीला 'एलियस' म्हणतात. शेल म्हणजे ती काळी खिडकी, जिथे आपण एक ओळ टाइप करतो आणि मशीन उत्तर देतं. बॅश हा असा एक शेल. पायथनचा इंटरॲक्टिव्ह शेलही त्याच जातीचा. अँड्रॉइडवर टर्मक्स टाकलं की दोन्ही खिशात येतात. शेल उघडताना तो तुमची एक छोटी फाइल वाचतो, आणि त्या फाइलमध्ये तुम्ही त्याला आपल्या वळणावर आणू शकता. लांबलचक कमांडला दोन अक्षरी नाव द्या, रंग बदला. पायथनमध्ये तीन बाणांच्या जागी 'बोला' असं लिहून ठेवा. पायथन ३ मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत 'बेरीज' ठेवलं तरी चालतं.

वरवर पाहिलं तर ही निव्वळ हौस. पण तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे: जे हत्यार सगळ्यांचं आहे, ते आपल्या सोयीने किती वळवावं?

जुनेजाणते सांगतात, काही बदलू नका. आज या मशीनवर आहात, उद्या दुसऱ्या असाल, मूळ रूपच शिका. सल्ला व्यवहारी आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मूळ रूप म्हणजे तटस्थ रूप. ते तसं नसतं. १९७०च्या आसपास युनिक्स घडवणारी माणसं टेलिटाइपवर काम करत. टाइप करणं कष्टाचं होतं, म्हणून कमांडची नावं दोन-तीन अक्षरांची झाली. ती इंग्रजीतून आली, कारण ती माणसं इंग्रजीत विचार करत. आपण ज्याला 'डीफॉल्ट' म्हणतो, ती कुणाची तरी सोयच असते, फक्त आधी आलेली. वेल्ह्यातली मुलगी पहिल्यांदा शेल उघडते, तेव्हा ती दुसऱ्याने लावलेल्या घरात शिरते. तिने तिथली भांडी आपल्या हाताशी येतील अशी मांडली, तर त्यात उद्धटपणा कसला?

शिवाय अशा मांडामांडीतून मोठ्या गोष्टीही उभ्या राहतात. २००१ मध्ये कोलोरॅडोत भौतिकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या फर्नांडो पेरेझने पायथनचा शेल स्वतःपुरता सोयीचा करायला घेतला. प्रत्येक प्रश्नाला आणि उत्तराला क्रमांक, मागचं उत्तर परत वापरायची सोय, असं काहीबाही. पहिली फाइल होती २५९ ओळींची. तिचं नाव आयपायथन. पुढे त्यातूनच ज्युपिटर निघालं, आणि आज डेटा सायन्स शिकणारा जवळपास प्रत्येक विद्यार्थी ते उघडतो. एकाची खाजगी सोय सगळ्यांची झाली.

मग अडचण कुठे येते? एक जुनं उदाहरण बघा. शेलमध्ये फाइल पुसायची कमांड आहे आरएम. तिथे रिसायकल बिन नाही, पुसलं की गेलं. म्हणून काहीजण आरएम याच नावाला एलियस करतात, म्हणजे पुसण्याआधी शेल 'नक्की ना?' असं विचारतो. छान वाटतं. पण बोटांना सवय लागते: बिनधास्त पुसा, तो विचारेलच. मग एक दिवस माणूस दुसऱ्याच्या मशीनवर बसतो, तेच टाइप करतो, आणि तिथे कुणी काही विचारत नाही. इथे सोय करून घेणं चुकलं नव्हतं. सगळ्यांच्या शब्दाचा अर्थ गुपचूप बदलणं चुकलं. त्याच कामाला नवं, वेगळं नाव दिलं असतं, तर परक्या मशीनने 'अशी कमांड नाही' एवढंच सांगितलं असतं. जो बदल नसला की आपोआप उघडा पडतो, तो निरुपद्रवी.

शेल घडवणाऱ्यांनी हा भेद ओळखलेला दिसतो. बॅश तुमचे एलियस तुम्ही समोर बसून टाइप करता तेव्हा मानतो. स्क्रिप्ट चालवताना, मुद्दाम सांगितल्याशिवाय, मानत नाही. पायथनची स्टार्टअप फाइलही फक्त इंटरॲक्टिव्ह शेलपुरती वाचली जाते. म्हणून शेलमध्ये झकास चाललेल्या ओळी फाइलमध्ये टाकल्या की कधीकधी एरर येते: तिथे तुमची सोय हजर नसते. तेव्हा वैताग येतो, पण तो नियम न्याय्य आहे. बोलताना घरची भाषा बोला, पण दुसऱ्याच्या हाती जाणारा कागद असा लिहा की तो तुमच्याशिवाय वाचता येईल.

आणि घरच जर सामायिक असेल तर? समजा, भोरच्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये एका लॉगिनवर पाच जण काम करतात. तिथे 'माझी फाइल' असं काही उरतच नाही. मग काहीच बदलायचं नाही का?

याचं उत्तर भोरच्याच इतिहासात सापडतं. १६७४च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द ठरवून घेतले. त्यातून राज्यव्यवहारकोश तयार झाला. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, सुरनीसाचा सचिव. पुढे राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद शंकराजी नारायणांकडे आलं, आणि 'पंतसचिव' ही भोरच्या संस्थानिकांची ओळख १९४८च्या विलीनीकरणापर्यंत टिकली. एका उर्फने पावणेतीनशे वर्षं काढली.

हा बदल एकट्याच्या फाइलमधला नव्हता, सगळ्या राज्याच्या सेटिंगमधला होता. तो योग्य का वाटतो? एक तर आधीची फारसीही कुणीतरी लादलेलं डीफॉल्टच होती. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्याचं रूप: तो कोश होता. जुना शब्द आणि नवा शब्द समोरासमोर, कुणालाही उघडून बघता येईल असे. जुनं जाणणाऱ्या कारकुनाला नव्यापर्यंत यायला वाट ठेवलेली होती. आणि सगळेच शब्द काही बदलले नाहीत. जमीन, वसूल, तहसील, तालुका आपण आजही बिनदिक्कत वापरतो. ज्याला आपण 'राजगड' हे नाव देतोय, तो 'तालुका' हा शब्दसुद्धा अरबीतून आलेला आहे. सत्ता नाव सुचवू शकते. ते रुळायचं की नाही, हे रोज बोलणारे ठरवतात.

म्हणून लॅबमधल्या त्या पाच जणांनी बदल जरूर करावेत, पण उघडपणे. काय बदललं आणि का, ते त्याच फाइलमध्ये एका ओळीत लिहून ठेवावं. जुन्या नावाचा अर्थ तसाच ठेवून नवं नाव शेजारी मांडावं. आणि सहावा जण येऊन 'हे मला नको' म्हणाला, तर त्याला मूळ शेल कसा उघडायचा ते आपणहून दाखवावं. आपल्या सोयीची हद्द त्या सहाव्या माणसापाशी लागते, आणि तो बहुतेक वेळा अजून खोलीत आलेलाच नसतो.