रुग्ण येण्याआधीचा उपचार

नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात. घरी निरोप जातो, "बाळाला काचेत ठेवलंय." डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट आणि वर निळा उजेड. त्या उजेडाने कावीळ आणणाऱ्या, त्वचेतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि शरीराला ते बाहेर टाकणं सोपं जातं. अनेक लहान रुग्णालयांत हा उजेड अजूनही ट्यूबचा असतो. ट्यूब बरेच तास वापरली की तिच्यातली उपचार करणारी निळी किरणं कमी होत जातात, ट्यूब मात्र पेटतच राहते. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. वर धूळ बसली असेल तर उजेड आणखी घटतो. बाहेर बसलेल्या आईला वाटतं, उपचार चालू आहेत. कावीळ मात्र उतरत नसते.

म्हणून जाणती सिस्टर ट्यूबची टोकं काळी पडली आहेत का ते बघते. ट्यूब कधी बसवली ती तारीख यंत्रावर चिकटवते, वापराचे तास वहीत लिहिते, धूळ पुसून घेते. किरणांची तीव्रता मोजायचं मीटर हाताशी असेल तर मोजूनही पाहते. या कामाला फार तर पाच-दहा मिनिटं लागतात. पण त्या दिवशी त्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळाला औषध पुरतं मिळालं की अर्धवट, हे त्या मिनिटांवर ठरतं.

बंद पडलेलं यंत्र निदान दिसतं, त्याची तक्रार होते. जे चालू दिसतं पण काम करत नाही, त्याची भीती जास्त. २०२१च्या कोविड लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर गावोगावच्या आरोग्य केंद्रांत पोचले. हे यंत्र खोलीतलीच हवा आत ओढतं, झिओलाइटच्या बारीक कणांमध्ये तिच्यातला नायट्रोजन अडवतं आणि नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन पुढे देतं. त्याच्या पाठीवरचा जाळीचा फिल्टर धुळीने तुंबला की कॉम्प्रेसर तापू लागतो. दमट हवेत यंत्र महिनोन्महिने तसंच पडून राहिलं की झिओलाइट ओल धरतं. मग मापकावर पाच लिटरचा प्रवाह दिसतो, पण त्यातला ऑक्सिजन कमी झालेला असतो. फिल्टर धुवून, पूर्ण वाळवून परत बसवणं आणि वापरात नसलेलं यंत्रही अधूनमधून चालवून बघणं, एवढ्याने यातलं बरंच टळतं.

पैसा नाही म्हणून यंत्रं पडून आहेत, असं आपण सहज म्हणून जातो. त्यात तथ्य आहे, पण सगळं तथ्य त्यात नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट माल्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अकरा देशांतल्या साठ गरीब रुग्णालयांत बंद पडलेली २,५२९ यंत्रं अभियंत्यांनी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तपासली. त्यांतली १,८२१, म्हणजे ७२ टक्के यंत्रं, परदेशातून एकही सुटा भाग न मागवता पुन्हा सुरू झाली. लागलं होतं ते बहुतांशी वीजजोडणीचं, नळ्यांचं, मोटारींचं साधं ज्ञान, आणि वापरणाऱ्याला यंत्र नीट समजावून सांगणं.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१५ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांतल्या यंत्रांच्या देखभालीसाठी स्वतंत्र कार्यक्रम आखला. त्यासाठी झालेल्या मोजणीत २९ राज्यांतल्या साडेसात लाखांहून अधिक यंत्रांची नोंद झाली. राज्याराज्यांत त्यांतली १३ ते ३४ टक्के यंत्रं नादुरुस्त निघाली. निदान मोजदाद झाली, जबाबदारी ठरली, हे मोठंच पाऊल. पण कंत्राटी तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणाहून येईपर्यंत यंत्र वॉर्डातल्या माणसांच्याच हाती असतं. सक्शन मशीनची बाटली भरत आली की ती वेळीच रिकामी करायची असते, नाहीतर स्राव पंपात शिरतो. ऑटोक्लेव्हची गॅस्केट चिरली तर वाफ निसटते आणि निर्जंतुकीकरणाचा भरवसा जातो. हे रोज बघायला बाहेरून कोणी येत नाही.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा रंधा, तशी कित्येक रुग्णालयांत शस्त्रक्रियेची उपकरणंही पुजली जातात. त्या पूजेत फूल वाहण्याआधी हत्यार घासूनपुसून, तेलपाणी करून ठेवायची रीत आहे. ज्यांनी ही रीत घातली त्यांना ठाऊक होतं, की हत्याराचा मान त्याच्या निगेत असतो. वर्षातल्या एका दिवसाची ती निगा रोजच्या कामात यायला हवी.

यासाठी वॉर्डात माणसं पुरेशी हवीत. चाळीस खाटा सांभाळणाऱ्या एकट्या सिस्टरला "यंत्रंही बघ" म्हणणं हा अन्याय आहे. तिला प्रशिक्षण द्यावं, आठवड्यातला ठरावीक वेळ त्यासाठी मोकळा द्यावा आणि तिच्या वहीतली तक्रार वरपर्यंत पोचावी. रुग्णालयाला यंत्र देणगी द्यायचं आपल्या मनात आलं, तर आपणही आधी विचारावं: हे रोज कोण पुसणार, बिघडलं तर कोण येणार, सुटे भाग कुठे मिळतील, आणि पुढच्या पाच वर्षांच्या दुरुस्तीचा खर्च कोण देणार? याची उत्तरं नसतील, तर नवं यंत्र घेण्याऐवजी असलेल्या यंत्रांच्या देखभालीसाठी पैसे द्यावेत. त्या देणगीची पाटी लागणार नाही, पण ती थेट रुग्णापर्यंत पोचेल.