देणारीचा पाट

भाचीचा फोन न्यू जर्सीहून आला तेव्हा मी दहिवलीतल्या एका वास्तुशांतीची यादी लिहीत होतो. "मामा, मुलगी मिळाली! आम्ही दोघं पंधरा दिवसांत तिला न्यायला येतोय. दत्तहोम तुम्हीच करायचा." मी हो म्हटलं, फोन ठेवला, आणि यादी तशीच राहिली.

चाळीस वर्षं कर्जत-खालापुरात भिक्षुकी करतोय. दत्तविधान तीनदाच केलं. तिन्ही वेळा पुतण्या किंवा भाचा मांडीवर घेतलेला. समोरच्या पाटावर जन्मदाते बसायचे, पाणी सोडायचे, 'ददामि' म्हणायचे. घेणारा 'प्रतिगृह्णामि' म्हणायचा. सगळा विधी या दोन शब्दांवर उभा आहे. इथे 'ददामि' कोण म्हणणार?

मुलगी साडेचार वर्षांची, पुण्याच्या एका संस्थेतली. जन्मतः ओठ दुभंगलेला, दोन शस्त्रक्रिया झालेल्या. आईबापांचा पत्ता नाही. बाल कल्याण समितीने शोध घेतला आणि ती दत्तकासाठी मोकळी असल्याचं जाहीर केलं. आधी देशातल्या घरांना विचारायचं, मग परदेशातल्या, असा नियम. इथलं कोणी पुढे आलं नाही. पुढे 'कारा' या केंद्रीय दत्तक संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, पासपोर्ट. पूर्वी हे इतकं चोख नव्हतं. परदेशी जोडपी १८९० च्या कायद्याखाली पालक म्हणून मूल न्यायची आणि दत्तक तिकडे जाऊन करायची. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या एका पत्रावरून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला शिस्त लावली. दत्तहोम तर कायद्याला लागतच नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातच तसं म्हटलंय. मी भाचीला ते सांगितलं. ती म्हणाली, "कागदावर ती आमची होईलच, मामा. मला आजीच्या देवांसमोर व्हायला हवीय."

मी पोथ्या काढल्या. मुलगी दत्तक घेता येते का, यावर अडलो नाही. दत्तकमीमांसेत नंदपंडिताने दशरथाची शांता आणि कुंतिभोजाची कुंती दाखवून दिली आहे. अडलो वसिष्ठापाशी. तो म्हणतो, जवळच्या नात्यातलं मूल घ्यावं; दूरचं असेल आणि कुळाचा संशय असेल तर त्याला शूद्रासारखं ठेवावं. हे वाक्य पाठशाळेत मी पाठ केलं होतं. त्या रात्री साडेचार वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर ठेवून वाचलं आणि पोथी मिटली. ते वाक्य चूक आहे. ऋषीचं असलं तरी चूक आहे.

दोघं आली. मुलगी ताब्यात मिळायला दोन दिवस होते, म्हणून मी त्यांना महडला वरदविनायकाला नेलं. चौककडे जाताना इरशाळगड दिसला. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या पोटाशी असलेल्या ठाकरवाडीवर दरड कोसळली. आश्रमशाळेत होती ती पोरं वाचली, घरी आईबाप गेले. जावई गाडी थांबवून बराच वेळ बघत राहिले. त्या पोरांना निदान आपली आई कुठल्या मातीखाली आहे हे ठाऊक आहे.

महडला मूल व्हावं म्हणून नारळाचा प्रसाद घेतात. त्याच क्षेत्राची कथा मात्र कोणी नीट ऐकत नाही. गृत्समद भर सभेत शास्त्रार्थाला बसला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की तू ऋषीचा मुलगा नाहीस, उठ. त्याने आईला विचारलं, खरं ऐकलं आणि रानात जाऊन तप केलं. गणपती प्रसन्न झाला. त्याने गृत्समदाला बाप विचारला नाही. गणपतीची पूजा ज्या ऋचेने सुरू होते ती ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातली, याच गृत्समदाच्या नावावरची. ज्याला सभेतून उठवलं त्याची ऋचा आम्ही भटजी रोज सभेत म्हणतो. मी ती हजारो वेळा म्हटली असेन, आणि अर्थ त्या दिवशी देवळाच्या पायरीवर कळला.

तरी प्रश्न उरलाच. संस्थेच्या बाईंना देणारीच्या पाटावर बसवा, असं एका स्नेह्याने सुचवलं. मनूच्या बारा पुत्रांत 'अपविद्ध' आहे, टाकून दिलेला. त्याला देणारा लागत नाही, ही दुसरी वाट. पण 'टाकून दिलेली' हा शब्द त्या मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकताना मला उच्चारायचा नव्हता. आणि तिच्या आईने तिला टाकलं की कुणाच्या तरी हाती लागावी म्हणून ठेवलं, हे मला काय माहीत?

बायको हयात नसेल तर पूजेत तिच्या जागी सुपारी मांडतात. होमाच्या दिवशी मी समोर रिकामा पाट मांडला, तांदळावर सुपारी ठेवली आणि मुलीच्या जन्मदात्या आईचं आवाहन केलं. नाव नाही, गाव नाही, गोत्र नाही. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायची रीत आहे, ते म्हटलं. 'ददामि' मी म्हटलं नाही. तो शब्द माझा नव्हता. तेवढा वेळ गप्प बसलो. घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन जोडल्याचा दणका कर्जत स्टेशनाकडून ऐकू आला. मग भाची आणि जावई दोघांनी मिळून 'प्रतिगृह्णामि' म्हटलं आणि मुलगी मांडीवर घेतली. मी उठून पाटाला नमस्कार केला. वयाने ती आई माझ्या नातीएवढी असेल कदाचित.

होमानंतर आवाहन केलेल्यांवर अक्षता टाकून त्यांना निरोप द्यायचा असतो. बाकीच्या देवांवर टाकल्या. भाचीने विचारलं, "मामा, ही सुपारी उल्हास नदीत सोडायची?"

मी नको म्हटलं. तिने ती रुमालात बांधून मुलीच्या पासपोर्टाशेजारी ठेवली.